निर्णयाचा उंबरठा: मेंदूची प्रतिमा आणि गणिती प्रारूप यांची सांगड

वय वाढले की माणूस उत्तर द्यायला अधिक वेळ घेतो. संगणकाच्या पडद्यावर क्षणभर चमकून गेलेले अक्षर दोहोंपैकी कोणते, एवढेच ओळखून बटण दाबायचे असले तरी पासष्टी ओलांडलेल्या व्यक्तीला विशीतील विद्यार्थ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. फरक सेकंदाच्या एका अंशाचाच असतो. पण तो इतक्या प्रयोगांत पुन्हापुन्हा आढळला की त्यावरून दीर्घकाळ एकच अर्थ काढला जात असे: म्हातारपणी मेंदू मंदावतो. अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांच्या सावकाश उत्तरांकडे घरातली माणसेही बहुधा याच नजरेने पाहतात.

या अर्थात एक मोठी फट आहे. घड्याळ मोजते ती केवळ बेरीज. उत्तराला वेळ लागण्याची कारणे निदान तीन असू शकतात. डोळ्यांमार्फत मेंदूपर्यंत येणारी माहितीच अस्पष्ट असेल. किंवा माहिती स्वच्छ असेल, परंतु चूक होऊ नये म्हणून ती व्यक्ती अधिक खात्रीची वाट पाहत असेल. किंवा निर्णय झटकन झाला असेल, पण त्याआधी दृश्य टिपण्यात आणि नंतर बोट हलवण्यात वेळ गेला असेल. पहिल्या कारणाला बौद्धिक ऱ्हास म्हणता येईल, दुसऱ्याला सावधपणा आणि तिसऱ्याला शरीराची कुरकुर. तिन्हींचा अर्थ वेगळा आणि उपायही वेगळा. मात्र घड्याळावरचा आकडा तोच.

मेंदूची प्रतिमा घेऊन हा प्रश्न सुटेल असे वाटते, पण तसे होत नाही. प्रतिमा दाखवते की अमुक भागात रक्तातील प्राणवायूची पातळी बदलली. तो भाग त्या वेळी पुरावा गोळा करत होता, सावध राहत होता की नुसता हात हलवण्याची तयारी करत होता, हे प्रतिमेवर लिहिलेले नसते. वर्तनाची मोजमापे आणि मेंदूची प्रतिमा ही दोन्ही एकेकटी अपुरी पडतात, आणि त्यांच्यामध्ये निर्णय कसा घडतो याचे एक स्पष्ट गणिती प्रारूप, म्हणजे मॉडेल, ठेवावे लागते. या विचारातून गेल्या दोन-अडीच दशकांत जी शाखा उभी राहिली, तिला मराठीत प्रारूपाधिष्ठित बोधनिक चेताविज्ञान म्हणता येईल. नाव जड असले तरी कल्पना तितकी अवघड नाही.

विमानतळावरची ओळख

विमानतळाच्या आगमनद्वारापाशी मामाची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. दूरवरून ट्रॉली ढकलत कोणीतरी येत आहे. चाल मामासारखी वाटते; डोक्यावरची टोपी मात्र अनोळखी. चार पावले पुढे आल्यावर चेहऱ्याची ठेवण ओळखीची वाटते. मध्येच कोणी आडवा येतो आणि पुन्हा शंका येते. प्रत्येक क्षणाचा पुरावा थोडा या बाजूला, थोडा त्या बाजूला झुकवतो. झुकाव एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हात उंचावला जातो. ही मर्यादा खालची ठेवणारा माणूस लवकर हात हलवतो आणि कधीकधी परक्याला हात करून ओशाळतो. वरची ठेवणाऱ्यावर तशी वेळ येत नाही, पण मामा समोर येऊन उभे राहिले तरी तो पाहतच असतो.

या कल्पनेचे गणित एका वेगळ्याच गरजेतून आले. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील सांख्यिकी संशोधन गटात अब्राहम वाल्ड काम करत होते. युद्धसामग्रीचा साठा चांगला की सदोष हे ठरवण्यासाठी किती नग तपासावेत, हा प्रश्न होता. संख्या आधीच न ठरवता एकेक नग तपासत जावे, पुराव्याची बेरीज करत राहावे आणि ती वरच्या किंवा खालच्या मर्यादेला टेकली की थांबावे, असे वाल्ड यांचे उत्तर होते. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात स्मरणाविषयी एक सिद्धान्त मांडला आणि याच जातीचे गणित मानवी उत्तरांना लावले. त्याला डिफ्युजन मॉडेल म्हणतात. डिफ्युजनला मराठी भौतिकशास्त्रात 'विसरण' हा शब्द आहे; मूळ लेख स्मरणाचा असल्याने तो येथे जरा गमतीचा ठरतो, म्हणून इंग्रजी नावच ठेवलेले बरे.

या प्रारूपात मुख्य राशी चार. पुरावा किती वेगाने साठतो, ही पहिली. माहितीचा कस यात दिसतो. निर्णयाचा उंबरठा किती अंतरावर आहे, ही दुसरी. हे सावधपणाचे माप. सुरुवातच एखाद्या बाजूला झुकलेली आहे का, ही तिसरी, म्हणजे पूर्वग्रह. आणि पाहणे व बटण दाबणे यांत गेलेला, निर्णयाबाहेरचा वेळ ही चौथी.

या चार राशी उत्तरांवर वेगवेगळी खूण सोडतात, आणि प्रारूपाची खरी ताकद त्यातच आहे. पुराव्याचा वेग घटला तर उत्तरे उशिरा येतात आणि चुकाही वाढतात. उंबरठा दूर गेला तर उत्तरे उशिरा येतात, पण चुका कमी होतात. शिवाय अतिशय सावकाश उत्तरांची शेपटी लांबते. निर्णयाबाहेरचा वेळ वाढला तर सगळीच उत्तरे सारख्या अंतराने पुढे सरकतात आणि चुकांचे प्रमाण जिथल्या तिथे राहते. त्यामुळे सरासरी वेळ पाहून भागत नाही. बरोबर आणि चूक अशा दोन्ही उत्तरांच्या वेळांचे संपूर्ण वितरण पाहावे लागते, आणि त्यासाठी एकेका व्यक्तीकडून शेकडो उत्तरे घ्यावी लागतात.

रॅटक्लिफ, गेल मकून आणि ब्रिन मॉर कॉलेजमधील अंजली थापर यांनी २००१ पासून वृद्धांवर असे प्रयोग केले, आणि जुन्या समजुतीला पहिला मोठा धक्का तेथे बसला. कित्येक साध्या कामांत साठी-सत्तरीतील लोकांच्या पुराव्याचा वेग तरुणांच्या जवळपास तेवढाच निघाला. त्यांचा उंबरठा दूर होता आणि निर्णयाबाहेरचा वेळ अधिक होता. सर्वत्र असे नव्हते. क्षणभर दाखवून लगेच झाकलेली अक्षरे ओळखताना किंवा दोन शब्दांची जोडी लक्षात ठेवताना वृद्धांचा पुराव्याचा वेगही कमी आढळला. म्हणजे 'म्हातारपणी सगळेच मंदावते' हे विधान जसे चूक, तसे 'काहीच मंदावत नाही' हेही चूक. कुठे काय मंदावते हे कामागणिक तपासावे लागते.

हायडेलबर्ग येथील संशोधकांनी २०२२ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये याच पद्धतीचा फार मोठा वापर केला. 'प्रोजेक्ट इम्प्लिसिट' या अमेरिकेत सुरू झालेल्या ऑनलाइन प्रकल्पातील सुमारे १२ लाख लोकांच्या उत्तरांना त्यांनी डिफ्युजन मॉडेल लावले. उत्तराचा वेळ विशीपासूनच वाढू लागतो, हे त्यातही दिसले. परंतु त्या वाढीमागे सावधपणा आणि निर्णयाबाहेरचा वेळ होता. पुराव्याचा वेग साधारण साठीपर्यंत फारसा ढळत नाही.

पेशी, रक्त आणि वेळेचे त्रैराशिक

एवढे सगळे गणित केवळ बटणांच्या वेळांवरून मांडलेले होते. मेंदूत असे काही खरोखर साठते का, हा प्रश्न उरतोच. विल्यम न्यूसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस माकडांना पडद्यावर सैरावैरा फिरणारे ठिपके दाखवले. त्यांतील काही ठिपके एकाच दिशेने सरकत असत. दिशा ओळखून माकडाने त्या बाजूला नजर वळवायची, असे काम. गती टिपणाऱ्या चेतापेशींचे संकेत आणि माकडाचे उत्तर यांचा जवळचा संबंध दिसला. पुढे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेमी रॉइटमन आणि मायकेल शॅडलन यांनी २००२ मध्ये दाखवले की मेंदूच्या पार्श्विका भागातील काही पेशींचे स्पंदन पुरावा येत जाईल तसे चढत जाते, आणि नजर वळण्याच्या सुमारे ७० मिलिसेकंद आधी एका समान पातळीला पोहोचते. पुरावा सोपा असो वा अवघड, ती पातळी तीच. कागदावरचा उंबरठा पेशींत सापडल्यासारखे वाटले.

नंतरची हकीकत मात्र इतकी सरळ नाही. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील गटाने २०१६ मध्ये तोच पार्श्विका भाग औषधाने काही काळ निष्क्रिय केला, तेव्हा माकडांच्या निर्णयांत म्हणावा असा फरक पडला नाही. गती टिपणारा भाग बंद केल्यावर मात्र पडला. एखाद्या भागात निर्णयाची सावली दिसते म्हणून निर्णय तेथेच होतो असे नाही. या क्षेत्रातील बरेच वाद या एका फरकाभोवती फिरतात.

निरोगी माणसाच्या मेंदूत सुई घालता येत नाही. तेथे एफएमआरआयवर भिस्त. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले की रक्तातील प्राणवायूचे प्रमाण चुंबकीय प्रतिमेत उमटते. १९९२ मध्ये बॉस्टन, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन येथील गटांनी माणसाच्या मेंदूचे काम याच संकेतातून टिपले. तंत्र थोर आहे, परंतु निर्णयाच्या अभ्यासाला त्याची एक मोठी अडचण होते. रक्ताचा प्रतिसाद सावकाश चढतो आणि पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. ठिपक्यांचा निर्णय एका सेकंदाच्या आत होऊन गेलेला असतो. प्रतिमेच्या एकेका घनखंडात चेतापेशी लाखोंनी असतात. चढत जाणारा पुरावा या यंत्रातून थेट पाहू म्हणणे म्हणजे क्रिकेटच्या सामन्याचे दर षटकामागे एकच छायाचित्र काढून चेंडूचा वेग सांगू पाहणे.

येथेच प्रारूप कामाला येते. प्रत्येक चेंडू दिसत नसला तरी धावफलकावरून कोणत्या षटकात काय घडले असावे याचे गणित मांडता येते. मग छायाचित्रातील कोणती गोष्ट त्या गणिताबरोबर बदलते, हे शोधता येते. बिर्टे फोर्स्टमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील प्रयोगात हेच केले. लोकांना कधी 'झटपट उत्तर द्या' तर कधी 'अचूक उत्तर द्या' असे सांगून त्यांचा उंबरठा प्रारूपातून काढला. घाईच्या सूचनेवर मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटम आणि कपाळामागच्या बाह्यकातील पूर्व-पूरक प्रेरक क्षेत्र या दोन जागा अधिक सक्रिय झाल्या. ज्यांच्यात ती सक्रियता जास्त वाढली, त्यांचा उंबरठाही जास्त खाली आला. 'घाई करताना मेंदूचा अमुक भाग उजळतो' या ढोबळ विधानापेक्षा हे विधान कितीतरी नेमके आहे, कारण पुराव्याचा वेग आणि हाताची हालचाल यांचा हिशेब आधीच बाजूला काढलेला आहे.

ईईजीचा वेग रक्ताच्या प्रतिसादापेक्षा फार मोठा, म्हणून तेथे आणखी बारीक काम करता आले. कोलंबिया विद्यापीठातील पॉल सायदा आणि मारिओस फिलियास्टिडिस यांनी लोकांना धूसर चित्रे दाखवून 'चेहरा की मोटार' असे विचारले. विमानतळावरच्या मामाचाच हा प्रयोगशाळेतला अवतार! रॅटक्लिफ यांच्यासह २००९ मध्ये त्यांनी सारख्याच धूसर चित्रांची उत्तरे मेंदूच्या संकेतानुसार दोन गटांत विभागली. चित्र दिसल्यानंतर उशिरा उमटणाऱ्या संकेताने विभागणी केली तर दोन्ही गटांचा पुराव्याचा वेग वेगळा निघाला. सुरुवातीच्या संकेताने केली तर निघाला नाही. डोळ्यांनी काय टिपले यापेक्षा त्यातून निर्णयासाठी किती उपयोगी माहिती उतरली, ही गोष्ट त्या उशिराच्या संकेतात होती.

या सगळ्याला समांतर अशी एक दुसरी परंपरा आहे, ती बक्षिसाच्या अपेक्षेची. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांनी यंत्राला अनुभवातून शिकवण्याचे जे गणित मांडले (ज्यासाठी त्यांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला), त्यात अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील तफावत ही कळीची राशी असते. वोल्फ्राम शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवले की माकडाच्या डोपामिन पेशी नेमकी ही तफावत कळवतात. त्यानंतर जॉन ओ'डोहर्टी, नॅथॅनियल डॉ आदींनी या गणितातून प्रत्येक क्षणाची तफावत काढून मेंदूच्या प्रतिमांत तिच्याबरोबर बदलणाऱ्या जागा शोधल्या. पैज, खरेदी, गुंतवणूक या विषयांवरच्या मेंदूच्या बातम्यांमागे बहुधा हीच पद्धत असते.

ओहायोतील जोडणी

वरच्या बहुतेक प्रयोगांत काम दोन टप्प्यांत होते. आधी वर्तनावरून उंबरठा किंवा वेग काढायचा; मग तो आकडा पक्का मानून मेंदूच्या संकेताशी ताडून पाहायचा. या रीतीत एक दोष आहे. पहिल्या टप्प्यातून निघालेला आकडा हा अंदाज असतो, त्यात अनिश्चितता असते, आणि दुसऱ्या टप्प्यात ती विसरली जाते. शिवाय माहिती एकाच दिशेने वाहते: वर्तन मेंदूबद्दल सांगते, पण मेंदूचा संकेत वर्तनाचा अंदाज सुधारायला वापरला जात नाही.

ओहायो स्टेट विद्यापीठातील ब्रँडन टर्नर यांनी फोर्स्टमन, वागेनमाकर्स, ब्राउन, सेडरबर्ग आणि स्टायव्हर्स यांच्यासह २०१३ मध्ये 'न्यूरोइमेज'मध्ये यावर तोड सुचवली. मेंदूचे प्रारूप आणि वर्तनाचे प्रारूप वेगळे न चालवता त्यांच्या राशी एका मोठ्या संयुक्त वितरणात गुंफायच्या आणि बेझच्या संभाव्यताशास्त्राने दोहोंचे अंदाज एकाच वेळी काढायचे. दोन साक्षीदारांपैकी एकाची जबानी लिहून, शिक्का मारून मग दुसऱ्याला बोलावण्याऐवजी दोघांना समोरासमोर बसवण्यासारखे हे आहे. एक अडखळला तर दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्याचे म्हणणे सावरता येते. दोघे विसंगत बोलले तर तेही लगेच कळते.

एखाद्याची प्रतिमा डोके हलल्याने खराब झाली, किंवा रुग्ण दमल्यामुळे उत्तरे थोडीच मिळाली, तर संयुक्त प्रारूप शाबूत बाजूवरून गहाळ बाजूचा अंदाज देते आणि तो किती कच्चा आहे हेही सांगते. टर्नर, फान मानन आणि फोर्स्टमन यांनी २०१५ मध्ये हीच कल्पना एकेका उत्तराच्या पातळीवर नेली; ठिपके दिसण्याआधीच्या मेंदूच्या स्थितीवरून पुढच्या उत्तराचा आरंभबिंदू आणि वेग यांचा मागोवा घेतला. २०१६ मध्ये ईईजी, एफएमआरआय आणि वर्तन या तिन्हींची एकत्र जोडणी झाली: एकात वेळेची बारकाई, दुसऱ्यात जागेची, तिसऱ्यात प्रत्यक्ष निवड.

या जोडणीची किंमतही द्यावी लागते. वर्तनाचे प्रारूपच चुकीचे असेल तर त्याची चूक मेंदूच्या बाजूलाही पसरते, आणि निष्कर्ष मात्र दुप्पट पुराव्याचा वाटतो. राशी वाढल्या की माहितीही तेवढी जास्त लागते. स्कॅनरचा तास महाग आणि आत निश्चल पडून राहणाऱ्याची सहनशक्ती बेताची. त्यामुळे या पद्धतीचे समर्थकही ती सरसकट वापरण्याची शिफारस करत नाहीत.

रुग्णाच्या हाती काय आले

पार्किन्सनच्या काही रुग्णांच्या मेंदूत खोलवर, सबथॅलॅमिक केंद्रकात, विजेची सूक्ष्म तार बसवतात. हाताचा कंप आणि ताठरपणा यांना त्याने मोठा उतार पडतो. काही रुग्णांच्या वागण्यात मात्र उतावीळपणा येतो. ब्राउन विद्यापीठातील मायकेल फ्रँक यांचा अंदाज असा की हे केंद्रक ब्रेकसारखे काम करते: दोन पर्याय तुल्यबळ असले की ते 'जरा थांब' असा संकेत देते. २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की उत्तेजक यंत्र चालू असताना रुग्ण तुल्यबळ पर्यायांपुढे थांबण्याऐवजी उलट घाई करतात.

२०११ मध्ये जेम्स कॅव्हॅना, फ्रँक आणि सहकाऱ्यांनी यात डिफ्युजन मॉडेल आणि ईईजी आणले. यंत्र बंद असताना, कठीण निवडीच्या वेळी कपाळामागच्या मधल्या भागातील थीटा लहरी जितक्या वाढत, तितका निर्णयाचा उंबरठा वर जाई. यंत्र चालू केल्यावर लहरी वाढतच होत्या, पण उंबरठ्यावरचा परिणाम उलटा झाला. म्हणजे 'सावध' हा निरोप निघत होता; तो अमलात येण्याची वाट बिघडली होती. नुसत्या ईईजीने हे कळले नसते, कारण लहरी तशाच होत्या. नुसत्या घड्याळानेही नाही, कारण लवकर आलेले उत्तर पुराव्याचा वेग वाढल्यानेही येऊ शकते. वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर 'हे असे एकदम पैसे का खर्च करायला लागले' असा प्रश्न एखाद्या कुटुंबाला पडला, तर त्याच्या उत्तराची एक दिशा या कामात आहे. ते रोगनिदानाचे साधन मात्र अद्याप नाही. गटांच्या सरासरीवरून काढलेला निष्कर्ष एका रुग्णाला लावताना फार जपून पावले टाकावी लागतात.

प्रतिमेवरून मन वाचण्याचा मोह

न्यूयॉर्क टाइम्समध्ये नोव्हेंबर २००७ मध्ये एक लेख प्रसिद्ध झाला. कुंपणावरच्या २० मतदारांना अध्यक्षपदाच्या इच्छुकांची छायाचित्रे दाखवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या होत्या, आणि अमुक भाग उजळला म्हणून अमुक उमेदवाराबद्दल चिंता, तमुक भाग उजळला म्हणून तिटकारा, असे अर्थ लावले होते. अनेक चेताशास्त्रज्ञांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. त्यांतील रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्येच या चुकीला 'उलटे अनुमान' असे नाव दिले होते. भीती वाटली की अमिग्डाला सक्रिय होतो हे खरे. म्हणून अमिग्डाला सक्रिय झाला की भीतीच वाटली असे होत नाही, कारण तोच भाग इतर अनेक कामांतही भाग घेतो. पाऊस पडला की अंगण भिजते, पण भिजलेल्या अंगणावरून पाऊस पडल्याचे ठरवता येत नाही; कोणी सडा घातला असेल.

ही चूक वर्तमानपत्रापुरती राहिली असती तर तिची एवढी दखल घ्यावी लागली नसती. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावताना इतर परिस्थितिजन्य पुराव्यांबरोबर ईईजीवर आधारित एका चाचणीचाही आधार घेतला. गुन्ह्याचा 'अनुभव' मेंदूत साठलेला आहे की नाही हे संकेतांवरून कळते, असा त्या चाचणीचा दावा होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर प्रश्न उपस्थित केले. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असा निर्णय दिला. त्याच वर्षी टेनेसीतील फेडरल न्यायालयाने एफएमआरआयवर आधारित खोटेपणाच्या तपासणीचा पुरावा नाकारला आणि २०१२ मध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला. दोन्ही देशांतील कायदेशीर कारणे वेगळी होती. भारतात मुख्य मुद्दा स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीचा होता, अमेरिकेत पद्धतीच्या विश्वासार्हतेचा. पण मेंदूच्या संकेतापासून मनातील गोष्टीपर्यंत जायला मध्ये तपासता येण्याजोगे प्रारूप लागते, आणि अशा चाचण्यांत तोच दुवा कच्चा असतो. त्यांचा निकाल ऐकून 'कोणत्या राशीत किती फरक, आणि तो दुसऱ्या कशामुळे पडला नाही हे कशावरून' असे विचारले, तर हाती फारसे काही लागत नाही.

संशोधकांचे स्वतःचे घरही फार नीटनेटके होते असे नाही. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली' आणि हजारो घनखंडांच्या तुलनेसाठी लागणारी सांख्यिकी दुरुस्ती मुद्दाम केली नाही. माशाच्या मेंदूत 'सक्रियता' निघाली! २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास याहून गंभीर होता आणि तो निर्णयप्रक्रियेवरचाच होता. नफा-तोट्याच्या पैजा स्वीकारणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या १०८ व्यक्तींच्या त्याच प्रतिमा ७० गटांना दिल्या आणि नऊ गृहीतके तपासायला सांगितली. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची रीत तंतोतंत सारखी नव्हती. प्रत्येक गृहीतकाबाबत सरासरीने २० टक्के गटांचा निष्कर्ष बहुमताच्या विरुद्ध गेला.

प्रारूपे वापरणाऱ्यांचीही अशी परीक्षा झाली आहे. २०१९ च्या एका अभ्यासात उत्तरांच्या वेळांची १४ माहितीसंच १७ तज्ज्ञ गटांना दिले. प्रयोगात काय बदलले होते हे त्यांच्यापासून लपवले होते. वेग बदलला, उंबरठा बदलला की निर्णयाबाहेरचा वेळ, हे त्यांनी ओळखायचे होते. बऱ्याच बाबतीत त्यांचे एकमत झाले, पण सर्वत्र नाही. येथे निदान खरे उत्तर झाकून ठेवून परीक्षा घेता येते.

सावधपणा की नाइलाज

वृद्धांचा उंबरठा दूर असतो हे आता पुष्कळ पुराव्याने सांगता येते. तो तसा का असतो, यावर मात्र दोन मते आहेत. जेफ्री स्टार्न्स आणि रॅटक्लिफ यांनी २०१० मध्ये हिशेब केला की ठरावीक वेळात जास्तीत जास्त बरोबर उत्तरे मिळवायची तर उंबरठा कुठे असावा. सरावानंतर तरुण त्या जागेच्या जवळ येतात. वृद्ध मात्र त्यापेक्षा बरेच दूर राहतात. त्यांना गुण मिळवण्यापेक्षा चूक टाळणे महत्त्वाचे वाटते, असा याचा एक अर्थ. आयुष्यभर चुकीची किंमत मोजलेल्या पिढीबाबत तो पटण्यासारखाही आहे.

दुसरा अर्थ फोर्स्टमन यांच्या गटाने २०११ मध्ये पुढे आणला. त्यांनी मेंदूतील तंतूंच्या जोडण्यांची प्रतिमा घेतली. २००८ च्या प्रयोगात घाईच्या वेळी सक्रिय झालेल्या दोन जागा, पूर्व-पूरक प्रेरक क्षेत्र आणि स्ट्रायटम, यांना जोडणारे तंतू वृद्धांमध्ये क्षीण आढळले. उंबरठा प्रसंगानुसार वर-खाली करण्याची लवचीकता या जोडणीशी निगडित होती. हे खरे असेल तर आजी-आजोबा सावध राहणे निवडत नाहीत. घाईच्या वेळी उंबरठा खाली आणणारी दोरीच सैल झालेली असते. चूक टाळणे ही निवड असेल तर सूचना, बक्षीस किंवा सराव यांनी उंबरठा हलायला हवा. तंतूंचा प्रश्न असेल तर क्षीण जोडणी असलेल्यांत तो हलणार नाही, आणि इतरांत हलेल. त्याच व्यक्तींच्या तंतूंची प्रतिमा आणि सूचना बदलल्यावरची शेकडो उत्तरे एकाच संयुक्त प्रारूपात घातल्याशिवाय या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.